एका दिवसाचं पाणी

तानुबाईने खंदकाच्या कडेवरचं एक ढेकूळ पायाने आत लोटलं. खाली टेप घेऊन उभे असलेले ओव्हरसियर भगवंतराव दचकून बाजूला झाले. त्यांच्या पांढऱ्या पाटलोणीवर काळी माती उडाली.

"बाई, हे काय चाललंय?"

"हे खंदकाची भीत पडते, सायेब. पानी लागलं का पडते."

भगवंतराव हसले. पुण्याला शिकलेला पंचविशीतला माणूस. अकोल्याचं साधं बोलणंही त्यांना अजून भांडल्यासारखं वाटे. विशाखापट्टणवर जपानी बॉम्ब पडले आणि सरकारला अकोल्याच्या स्टेशनाची, गिरण्यांची काळजी लागली. मोर्णेकाठच्या मुलींच्या शाळेसाठी, हवाई हल्ल्यात लपायला, तीन खंदकांचा हुकूम निघाला. एक शाळेच्या आवारात खणून झाला होता. उरलेले दोन कुंपणापलीकडे, तानुबाईच्या वांग्यांत खणायचे होते.

"वांगी वाचवायची आहेत, असं सरळ सांगा की."

"वांगी तं वाचवाचीच हायेत. अन् भीत बी पडते. दोनी गोष्टी खऱ्या हायेत."

हेच तिचं अवघड होऊन बसलं होतं. चैत्रात वांगी भरात आली होती. रोज सकाळी दोन टोपल्या जुन्या शहराच्या बाजारात जात आणि त्यावरच घर चाले. त्यामुळे ती मातीबद्दल काहीही बोलली, तरी लोकांना ते वांग्यांबद्दलच वाटे. तिच्या नवऱ्यालासुद्धा. पंजाबराव भला माणूस होता, पण सरकारी टोपी दिसली की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

"सरकारासंगं वाद कावून घालून राहिली वो?" तो कुंपणाआडून पुटपुटला.

शेवटी हेडमास्तर शालिकराम मध्ये पडले आणि अट ठरली. मळ्याचा पाट फोडायचा आणि खंदकाच्या कडेने पाणी सोडायचं. भिंत पडली तर मळ्याला कुणी हात लावायचा नाही. उभी राहिली तर तानुबाईने मुकाट्याने रान मोकळं करून द्यायचं.

"किती दिवस पाणी सोडायचं?" भगवंतरावांनी विचारलं.

"एका दिवसात पडते," तानुबाई तोऱ्यात म्हणाली.

पंजाबरावाने दिवसभर मोट हाकली. पाणी पाटातून झुळझुळत आलं, खंदकाच्या कडेला पोचलं आणि भेगांत गडप झालं. दुपार झाली तरी भेगा पीतच होत्या. बैल थकले, पंजाबराव थकला, शाळेच्या मुली खिडकीतून बघून थकल्या. दिवस कलता कलता तानुबाईने कडेचं एक ढेकूळ फोडून पाहिलं. ढेकळाच्या आत माती कोरडी ठणठणीत होती.

तिने अंदाज बांधला होता तो आपल्या मळ्यावरून. मळ्यातल्या मातीला सदा पाणी. एक दिवस पाट चालला की ती चिखल होते. शाळेच्या मातीने दिवाळीपासून पाण्याचा थेंब पाहिला नव्हता. जन्मभर माती चिवडणाऱ्या माळणीने असा शब्द देऊन बसावं, याचा तिला स्वतःचाच भयंकर राग आला. पण दिलेला शब्द परत कसा घ्यायचा? तिने पाट बंद केला.

सकाळची शाळा भरली तेव्हा भिंत उभी होती. भगवंतरावांनी भिंतीवर मूठ आपटून दाखवली.

"बाई, शब्द?"

तानुबाई सरळ मळ्यात गेली, पहिल्या ओळीचं पहिलं झाड दोन्ही हातांनी धरलं आणि मुळासकट उपटलं. मग दुसरं, मग तिसरं. काटे हातात घुसत होते. प्रत्येक झाडाला चार-पाच कोवळी वांगी लटकत होती. खणायला आलेले मजूर बिड्या ओढायचे थांबले. पंजाबरावाने तोंड फिरवलं आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

तिची दुसरी ओळ संपत आली आणि शाळेत शिट्टी झाली. हवाई हल्ल्याचा सराव. साठ मुली जोडीजोडीने खंदकाकडे निघाल्या.

तानुबाईने हातातलं झाड टाकलं. कुंपण ओलांडून धावत आली आणि खंदकाच्या पायरीवर दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"मळा घ्या. सगळा घ्या. पन पोरी आत जानार नाईत."

"तुम्ही हरलात बाई!" भगवंतराव ओरडले. "आता पुन्हा कसला वाद?"

"हारली ना मी. म्हनूनच तं वांगी उपटून राहिली. माहा अंदाज चुकला, सायेब. माती नाई चुकली. कालचं पानी आता कुठी तिच्या पोटात उतरून राहिलं."

शालिकराम मास्तरांनी तिच्या रक्ताळलेल्या हातांकडे पाहिलं, मग कुंपणापलीकडे आडव्या पडलेल्या दोन ओळींकडे. कालपर्यंत त्यांनाही वाटत होतं, बाई वांग्यांसाठी भांडते. आता ती वांगी स्वतःच्या हाताने उपटत होती, आणि तरीही ती हटत नव्हती.

"पोरींनो, मागे व्हा," ते म्हणाले. "लिंबाखाली बसा."

"मास्तर, नागपूरला रिपोर्ट जायचा आहे!"

"थोडा उशिरा जाईल. थांबू जरा."

सगळे थांबले. काहीच होईना. ऊन चढलं, मुली चुळबुळू लागल्या, मागे कुणीतरी खुदकन हसलं. भगवंतरावांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

"पुरे झालं. मीच उतरून दाखवतो."

त्यांनी पायरीवर पाऊल टाकलं आणि तानुबाईने त्यांचं मनगट पकडलं. चिखलाच्या, रक्ताच्या हाताने, सरकारी माणसाचं मनगट! पंजाबरावाने डोळे मिटून घेतले.

मोठा आवाज झाला नाही. म्हैस बसावी तसा एक दबका धप्प झाला. बैलगाडीएवढा मातीचा तुकडा भिंतीपासून सुटून खाली बसला. त्याच्यामागे दुसरा आला, मग कडेवर रचलेला सगळा ढिगारा आत कोसळला. धूळ खाली बसली तेव्हा खंदक छातीपर्यंत भरलेला होता.

"पडली!" ही आरोळी पंजाबरावाची होती. पंजाबरावाची! तो कुंपणावरून उडी टाकून आला, थेट सरकारी टोपीसमोर. "पडली! माह्या बायकोनं सांगतलं होतं! सांगतलं होतं का नाई?"

लिंबाखालून साठ मुलींनी एकच गिल्ला केला. मजुरांनी फावडी वर उडवली. तानुबाई हसत होती आणि रडतही होती. इतका आनंद तिला तिच्या लग्नातही झाला नव्हता. भगवंतरावांचं मनगट सोडायचं मात्र ती विसरून गेली होती.

त्यांनीही ते सोडवून घेतलं नाही. त्यांचा चेहरा मातीसारखा झाला होता. मुली बसणार होत्या ती जागा ते कितीतरी वेळ बघत राहिले. मग दुसऱ्या हाताने त्यांनी खिशातला खंदकांचा नकाशा काढला आणि तो नीट न बघताच चुरगाळून टाकला.

"मळा तुमचा, बाई. पण मुलींसाठी... कुठे खणू?"

हा प्रश्न त्यांनी अकोल्यात पहिल्यांदाच कुणाला विचारला होता.

"काळीत पेव कोनी खनते का, सायेब? जवारी साठवाचं पेव खनतात पांढरीत. जुन्या वस्तीची माती असते थे. पानी आलं तरी भीत हालत नाई."

"अशी पांढरी जवळ कुठे आहे?"

तानुबाईने पदराने तोंड पुसलं.

"माह्या अंगनात. चला, तीन खनू."

तिने टेपचं टोक धरलं आणि चालायला लागली. दुसरं टोक हातात घेऊन भगवंतराव मुकाट्याने मागे निघाले. पंजाबराव दोघांच्याही पुढे पळत सुटला होता, अंगणातली खाट उचलायला.