बाजूची सावली

त्या घराण्यात नजर कडेकडून आटत यायची. आधी रात्रीचं दिसेनासं व्हायचं, मग बाजूचं, आणि शेवटी नळीतून पाहावं तेवढंच जग उरायचं. वडिलांचं तसंच झालं, थोरल्या भावाला तर आता उजेडही कळत नव्हता. धाकट्या बहिणीचा डावा डोळा केव्हाच गेला होता. उजव्यात नळीएवढं उरलं होतं, त्यावरही मोतीबिंदू चढला. कपड्यांच्या कारखान्यात ती कॉलरी शिवायची. सुई धूसर झाली तेव्हा तिने मन घट्ट करून ऑपरेशन करून घेतलं, डोळ्यात नवी काच बसवून घेतली.

पट्टी निघाली आणि निळा दोरा पुन्हा निळा दिसला. डॉक्टरीणबाई मात्र फारशा हसल्या नाहीत. “आतल्या पडद्याचा आजार आहे तिथेच आहे. बाजूने सावली सरकताना दिसली, डोळ्यात विजा चमकल्या, तर तडक निघून या.”

घरी तिने हे सांगितलं तेव्हा भाऊ खो खो हसला.

“विजा? अगं, मग आपण जन्मभर दवाखान्यातच बिऱ्हाड करायला हवं होतं!”

त्याचंही खरं होतं. आजारी पडदा उगाच लुकलुकत राहतो. लहानपणापासून दोघं त्याला काजवे म्हणत.

“काय गं, उठले का तुझे काजवे?” तो रोज सकाळी विचारायचा.

“उठले. हल्ली एकाच कोपऱ्यात दंगा घालतात मेले.”

“घालू दे. त्यांनाही नवी काच मिळालीय.”

दवाखान्यातून नर्सचा फोन आला. “ताई, डोळ्यात चमक?”

“ती आमची नेहमीचीच. माझा भाऊसुद्धा हेच म्हणतो.”

“आणि सावली?”

“छे, काही नाही.”

ती खोटं बोलली नव्हती. पण बाजूचं तिला दिसतच नव्हतं. तिथे सावली आली तरी ती पाहणार कशाने? फोनच्या दोन्ही टोकांना कुणाच्याच हे डोक्यात आलं नाही.

मग एका दुपारी मशीनवर सुईचं टोक नाहीसं झालं. सुई मोडली असं वाटून तिने बदलली. नवीलाही टोक नव्हतं. तिने बोट लावून पाहिलं, तर टोक कचकन रुतलं. तिने मान वर केली. शेजारच्या मशीनवरची मैत्रीण तिच्याकडे बघत होती, पण तिला हनुवटी नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ डोळ्यात उजेड टाकून पाहिलं. “पडदा वरून सुटत आलाय, म्हणून खालचं दिसत नाही. हे आजचं नाही.”

“पण सावली मला आजच दिसली.”

“आज ती तुमच्या नजरेपर्यंत पोचली. विजा वाढल्या होत्या का?”

शेजारी बसलेला भाऊच म्हणाला, “वाढल्या होत्या. मी थट्टा केली.” त्याचा हात तिचा हात शोधत होता, आणि सापडला तरी तो चाचपतच राहिला.

“दादा, पुरे.” तिने विचारलं, “बाई, किती वाचेल?”

“मधला भाग अजून चिकटलेला आहे. तो सुटायच्या आत...” वाक्य तसंच सोडून त्या दारातून ओरडल्या, “टेबल रिकामं करा! आत्ता!”

तिला उताणं निजवलं, डोकं हलवू नको म्हणाले. छतावर एक गोल दिवा होता. तिने त्याच्यावर नजर रोखली, पापणीसुद्धा मिटली नाही. खालची कड गेलेलीच होती. स्ट्रेचर हलेपर्यंत दिवा अर्धाच उरला होता.