उशिरा उठणारी मूठ

उतरत्या दुपारचं ते निर्दय सौंदर्य. नीलजल, हरितजल, आणि दोन्हींच्या सीमेवर प्रवाळावर फुटणाऱ्या श्वेतफेनाची मेखला. माडांनी झाकलेली पाच बेटं. पाचही निर्मनुष्य, पाचही निःशब्द. इतकं देखणं पाणी कुणाच्या दुःखाची पत्रास ठेवत नाही.

त्या मेखलेतल्या अरुंद वाटेने एक शिडाची नौका आत आली, शिडं उतरवून, इंजिनावर. सुकाणूवर एकटा दिनकर होता. खाली केबिनमध्ये, जुन्या शिडाच्या कापडात गुंडाळलेली, त्याची बायको शरयू होती. ताप आला, चढला, आणि परवा पहाटे तिला घेऊन गेला.

पाण्याला भ्यायची ती. पोहता येत नसताना नवऱ्याच्या हौसेपायी अकरा वर्षं पाण्यावर राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "अहो, मला पाण्यात नका हं सोडू. मातीत ठेवा. कुठल्याही, पण मातीत."

माती समोर होती, हाकेच्या अंतरावर होती. पण ऊन कललं होतं, आणि कललेल्या उन्हात तळाचे प्रवाळ दिसत नाहीत. नांगर रुतला तर माती. नाही रुतला तर अंधाराआधी पुन्हा भर समुद्रात. आणि देह उद्यापर्यंत थांबणार नव्हता. मग तिला पाण्याशिवाय जागा उरणार नव्हती.

नांगर टाकणं हे दोघांचं काम. ती पुढच्या टोकाला, साखळीवर अनवाणी पाऊल ठेवून. तो मागे, सुकाणूवर, इंजिन उलटं चालवून साखळी ताणत. वाऱ्यात शब्द पोचत नाहीत, म्हणून हातांची भाषा. नांगर रुतला की ती मूठ वर करायची, आणि तो इंजिन बंद करायचा. मूठ नेहमी उशिरा उठायची. "अगं, झोप लागली का तिथे?" तो ओरडायचा. अकरा वर्षं ओरडला.

आज सुकाणू दोरीने बांधून, इंजिन मंद उलटं चालू ठेवून, तो स्वतःच पुढे धावला. साखळी खडखडत खाली गेली. नांगर प्रवाळावरून घसरला. त्याने तो ओढून घेतला, नौका फिरवली, पुन्हा टाकला. ऊन पिवळं झालं, मग तांबूस.

त्याने चप्पल काढली आणि साखळीवर पाऊल ठेवलं.

साखळी थरथरत होती. थांबली, त्याला वाटलं, रुतला. पुन्हा थरथरली. पुन्हा थांबली, पुन्हा थरथरली. तापातल्या माणसाची नाडी धरून बसावं, तसं थांबावं लागत होतं. ती झोपलेली नसायची. पाण्याला भिणारी ती बाई दोघांच्या जिवाची खात्री करून घ्यायची, आणि वर बोलणी खायची. त्याला स्वतःची लाज वाटली, फार लाज वाटली.

अखेर साखळी ताणली, शांत झाली, शांतच राहिली. नांगराने वाळू धरली होती. शरयूला माती मिळणार होती.

त्याने नकळत मूठ वर केली, तिच्यासारखीच, उशिरा. आणि मागे न बघता, इंजिन बंद होण्याची वाट पाहत उभा राहिला.

तांबूस पाणी, काळवंडलेली बेटं, वर उचललेली एक मूठ. मागे इंजिन चालू राहिलं, चालूच राहिलं.