सोफ्यामागचा खडखडाट

फोन जिन्यात उलटा पडला आणि हरीशच्या स्क्रीनवर आईऐवजी छत आलं. छतावरचा दिवा, कठड्याचा एक तुकडा आणि कुणीतरी धापा टाकत असल्याचा आवाज.

इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्समधल्या आपल्या स्वयंपाकघरात, हातातला टोस्ट तसाच धरून तो ओरडला, “आई! काय झालं? आर यू ओके?”

“ओरडू नकोस रे. जिन्यावर बसलेय.” पुढचं वाक्य बोलायला लीलावतीबाईंना वेळ लागला. “तुझ्या बाबांचा हत्ती वर नेत होते. मध्येच बसला.”

“हत्ती बसला की तू बसलीस?”

“दोघंही.”

हत्ती म्हणजे जुना व्हॅक्यूम. चाकांवरचा गोल डबा, त्याला सोंडेसारखी लांब नळी. हरीशच्या बाबांनी तो हौसेनं आणला होता आणि असेपर्यंत तेच तो ओढायचे. बाबा जाऊन चार वर्षं झाली. तासाभराच्या अंतरावर, स्लाऊमधल्या त्या अरुंद जिन्याच्या घरात आई एकटी राहत होती. तिथून हलायला ती तयार नव्हती, आणि एक दिवस केर निघाला नाही तर तिला जेवण जात नसे.

फोन सरळ झाला. आईचा चेहरा राखाडी दिसत होता. पंधरा मिनिटांपूर्वी याच फोनवर तिनं त्याच्यासमोर सकाळच्या गोळ्या घेतल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी हृदयाचं दुखणं निघालं तेव्हापासून हा नेम होता. दर रविवारी तो स्लाऊला जाऊन आठवड्याच्या गोळ्या खणाखणांच्या डबीत भरून ठेवायचा आणि रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर ती त्या घेताना बघायचा. सोफ्यावर बसून हाताचा तळवा कॅमेऱ्याला दाखवायचा, गोळ्या तोंडात टाकायच्या, वर पाणी. त्यात कधी खंड नव्हता.

“तो हत्ती आता गॅरेजमध्ये,” तो म्हणाला. “मी तुला नवीन आणतो. एकदम हलकी.”

“हलका. व्हॅक्यूम तो असतो.”

“आई, प्लीज.”

संध्याकाळी त्यानं बायकोला, मंजिरीला, सांगितलं तेव्हा तिनं लॅपटॉप मिटला. “दम व्हॅक्यूममुळे लागला, असं तुला कुणी सांगितलं?”

“आठ किलोचं धूड जिन्यानं वर नेलं तर मलाही लागेल.”

“तुला नाही लागणार. त्यांच्या डॉक्टरांना, जीपीला, फोन केलास?”

“पुढच्या मंगळवारची अपॉइंटमेंट मिळाली आहे. आणि औषधं ती चुकवत नाही, मी रोज बघतो ना.”

हरीशची नोकरी सॉफ्टवेअर तपासायची. एखादी गोष्ट मोडण्याआधी ती कुठं मोडेल हे शोधण्याचे त्याला पैसे मिळत. आता त्यानं तेवढ्याच चिकाटीनं व्हॅक्यूम तपासायला घेतले. बॅटरीवाले त्यानं पहिल्याच रात्री बाद केले. ते दिसायला काठीसारखे, पण मोटर आणि बॅटरी दोन्ही मुठीपाशी, म्हणजे सगळा भार मनगटावर. शिवाय आई चार्जिंगला लावायला विसरणार आणि मग अर्ध्या खोलीत ते बंद पडणार. तिला हवा होता वायरचा, उभा, काठीसारखा. प्लग लावला की सुरू, काढला की बंद. वजन तीन किलोच्या आत. वायर एवढी लांब की हॉलमधल्या प्लगवरून जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत पोचेल. डबा लहान असला तरी चालेल, एकटीचा रोजचा केर तो किती. पण डबा पारदर्शक हवा, म्हणजे भरला की बाहेरून दिसेल.

“आणि फर्निचरच्या खाली-मागे जाणारं चपटं तोंड,” मंजिरी म्हणाली. “त्यांना वाकायला लावू नकोस.”

शनिवारी दोघं स्लाऊला गेली आणि लीलावतीबाईंना घेऊन रिटेल पार्कमधल्या इलेक्ट्रिकल दुकानात पोचली. कारपासून दारापर्यंतच्या अंतरात त्या दोनदा थांबल्या. एकदा त्यांनी सेलची पाटी वाचल्यासारखं केलं, एकदा चपलेचा पट्टा सैल केला. मंजिरीचं लक्ष पट्ट्याच्या खाली पायावर उमटलेल्या वळाकडे गेलं.

“आई, पाय सुजलेत का तुमचे?”

“थंडी आहे ना.”

“थंडीनं सुजत नाहीत, आई.”

“तुमच्या मिल्टन कीन्सला नसतील सुजत. तिथं माणसं चालतात कुठं, गाडीतच असतात.”

हरीश पुढे गेला होता. त्यानं निवडून ठेवलेला व्हॅक्यूम रांगेत तिसरा होता. लीलावतीबाईंनी तो एका हातानं उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग बाजूच्या वॉशिंग मशीनला टेकून त्या म्हणाल्या, “खोक्यावर काय लिहिलंय ते वाच.”

हरीशनं मुकाट्यानं खोकं उचललं. हे त्याचं लहानपणापासूनचं काम. तो सात वर्षांचा असताना आईचं इंग्रजी अडखळत असे आणि बाबा ट्रेडिंग इस्टेटवरच्या कारखान्यात शिफ्टला असत. सुपरमार्केटमध्ये ती पाकीट त्याच्यापुढे धरायची आणि तो मागची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचायचा. जिलेटिन, लार्ड, रेनेट, सगळं जनावरांपासून केलेलं. यातला एक शब्द आला की पाकीट परत फळीवर. शाळेतली पोरं जेली बेबीजचा खाऊ खायची तेव्हा तो त्यांना जिलेटिन कशाचं बनतं ते सांगत बसायचा, आणि म्हणून वाढदिवसांना त्याला फारसं कुणी बोलवायचं नाही. पुढे लीलावतीबाई स्वतः इंग्रजी पेपर वाचू लागल्या. तरी खाण्याच्या पाकिटांचं वाचन हरीशकडेच राहिलं. त्यानं हो म्हटलं की त्या डोळे मिटून खायच्या.

“दोन किलो सातशे ग्रॅम,” त्यानं वाचलं. “सात मीटर वायर. दोन वर्षांची गॅरंटी.”

“मांसमच्छी काही नाही ना त्यात?”

मंजिरी खळखळून हसली. हरीशही हसला. “प्युअर व्हेज, आई.”

घरी येऊन मंजिरी चहा ठेवायला आत गेली. लीलावतीबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या आणि हरीशनं पुठ्ठे फाडून काठी जोडली, प्लग लावला. आवाज हत्तीच्या निम्मासुद्धा नव्हता. त्यानं गालिच्यावरून दोन हात मारले, जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत जाऊन आला, वायर पुरली. तो खूश झाला.

“आता बघ,” तो म्हणाला आणि चपटं तोंड लावून सोफ्याच्या दिशेनं वळला.

“तिथं नको,” लीलावतीबाई म्हणाल्या. “तिथं काही नसतं.”

“तिथंच तर असतं. हत्ती तिथं गेलाच नसेल कधी.”

“हरीश, नको म्हणते ना मी.”

तोवर तोंड सोफ्याच्या पाठीमागे, भिंत आणि सोफा यांच्यातल्या फटीत शिरलं होतं. आधी एक टक्‌ झालं. मग आणखी एक. मग नळीतून खडखड करत काहीतरी भसाभस आलं, पत्र्यावर वाटाणे ओतावेत तसं. पारदर्शक डब्यात करड्या धुळीबरोबर पिवळे-पांढरे दाणे गरगरा फिरू लागले.

आधी त्याला वाटलं, एखादी माळ तुटली असेल. त्यानं बटण बंद केलं. दाणे तळाशी बसले. त्यानं डबा उजेडात धरला.

अर्धी बाजू पिवळी, अर्धी पांढरी. काही चेपलेल्या, काही फुटून पांढरी पूड सांडलेल्या. एवढ्या होत्या की मोजायची त्याला हिंमत झाली नाही.

“आई, ही तुझी कॅप्सूल आहे.”

लीलावतीबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

“ही हार्टची कॅप्सूल आहे, आई! मी भरतो ती, दर रविवारी!” त्याचा आवाज चिरका झाला. चहाचा ट्रे घेऊन आलेली मंजिरी दारातच थांबली. “मी बघत होतो. रोज सकाळी मी बघत होतो तुला.”

“बघत होतास म्हणूनच,” त्या हळू म्हणाल्या. “पाणी पिईपर्यंत तू फोन ठेवत नाहीस. मग बोटांत धरलेली गोळी टाकणार कुठं? हात मागे सोडायचा, की झालं. नंतर काढीन म्हणायची, पण सोफा हलत नाही आणि मला वाकवत नाही.” मग घाईघाईनं म्हणाल्या, “बाकीच्या सगळ्या घेते हं मी. तेवढी एकच.”

“तेवढी एकच तर मेन आहे!”

मंजिरीनं ट्रे खाली ठेवला. “म्हणून पाय सुजले,” ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. “म्हणून दम.”

हरीश डबा धरून उभाच होता. आठवडाभर त्यानं वजनं मोजली होती. मनगटावर भार किती, वायर किती, मूठ केवढी. आईला दम लागतो म्हणून त्यानं वस्तू हलकी करत आणली होती, आणि दमाचं कारण या फटीत पडून होतं, त्याच्या रोजच्या नजरेसमोर, तिच्या पाठीमागे.

“का पण?” त्यानं विचारलं. “व्हाय, आई?”

लीलावतीबाईंनी मान वळवली. त्यांच्या चेहऱ्यावर अपराधीपणा नव्हता, आश्चर्य होतं. “तुला माहीत नाही?”

“मला काय माहीत असणार?”

“त्यात जिलेटिन असतं. त्या कवचात. पाडव्याच्या कार्यक्रमात माझ्या मैत्रिणीनं, नीनानं, सांगितलं, तिच्या मिस्टरांनाही हीच आहे. मी म्हटलं, छे, हरीश वाचल्याशिवाय मला बिस्किट देत नाही. घरी येऊन रद्दीतला औषधाचा डबा काढला, त्यातला कागद उघडला. लिहिलेलं होतं.”

“मग मला सांगायचं ना!”

“काय सांगायचं?” त्यांचा आवाज पहिल्यांदाच थरथरला. “तू वाचलंच असणार. मला वाटलं, वाचलंस आणि गप्प बसलास, आई जगावी म्हणून. मनावर दगड ठेवून देत असशील. मी विचारलं असतं तर तुला एक तर कबूल करावं लागलं असतं, नाही तर माझ्यासमोर खोटं बोलावं लागलं असतं. कशाला तुला खोटं पाडायचं? म्हटलं, तू देत राहा, मी सोडत राहीन. तुझंही राहील, माझंही राहील.”

प्रत्येक डब्यात घडी घातलेला तो पातळ कागद असायचा. दर रविवारी तो गोळ्यांची पाकिटं बाहेर काढायचा आणि कागदासकट डबा रिसायकलिंगमध्ये टाकायचा. औषध म्हणजे डॉक्टरांचं. ते वाचायचं असतं हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

“मी वाचलंच नाही,” तो म्हणाला.

“काय?”

“एकदाही वाचलं नाही, आई.”

डब्यातल्या कॅप्सूल बघून हरीशचा जसा झाला होता तसा आता लीलावतीबाईंचा चेहरा झाला. “तू?” त्या म्हणाल्या. “तू वाचलं नाहीस?”

मंजिरीनं तोवर एक-एक-एकला, सरकारी आरोग्यसेवेच्या मदत क्रमांकाला, फोन लावला होता. पलीकडचा माणूस प्रश्न विचारत गेला, ती सासूबाईंना विचारून उत्तरं देत गेली. रात्री किती उशा लागतात? तीन. आधी? एक. आडवं झाल्यावर दम लागतो? लागतो. मंगळवारपर्यंत थांबू नका, तो म्हणाला. आत्ता निघा.

हॉस्पिटलमध्ये त्यांच्या फुप्फुसांत पाणी साठलेलं निघालं. दोन रात्री ठेवून घेतलं. पहिल्या रात्री हरीश खुर्चीत बसून ऑक्सिजनच्या नळीकडे बघत राहिला आणि मधूनमधून आईच्या श्वासाचा कानोसा घेत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाईंनी सगळी हकीकत ऐकली आणि कपाळ चोळलं. हेच औषध साध्या गोळीतही मिळतं, त्या म्हणाल्या. कवच नाही, काही नाही. आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

घरी जाताना औषधं घ्यायला ते हॉस्पिटलच्याच फार्मसीत थांबले. लीलावतीबाई व्हीलचेअरवर होत्या. चेहऱ्याचा राखाडी रंग गेला होता, पण बोलताना अजून थांबावं लागत होतं. हरीशनं डबा हातात घेतला आणि तिथंच, काउंटरसमोर, तो फोडून आतला कागद उलगडला. मागं रांग होती. त्याला पर्वा नव्हती.

लीलावतीबाईंनी डोळे मिटले. “वाच.”

तो मोठ्यानं वाचू लागला. औषधाचं नाव. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. मक्याचा स्टार्च. मग तो अडला.

“काय झालं?”

“मॅग्नेशियम स्टिअरेट.” त्यानं फोनवर शोधलं. “हे झाडापासूनही करतात आणि प्राण्याच्या चरबीपासूनही. यातलं कुठलं ते लिहिलेलं नाही.”

जरा मोठ्यानं ‘झाडापासूनच’ म्हटलं असतं तर प्रश्न मिटला असता. आईनं मान हलवून गोळी घेतली असती. हरीशच्या जिभेवर ते आलंही होतं.

“मला माहीत नाही, आई,” तो म्हणाला.

लीलावतीबाईंनी डोळे उघडले आणि काउंटरमागच्या मुलीकडे हनुवटीनं खूण केली.

“मग विचार की.”

त्यानं विचारलं. ती मुलगी आत गेली, कंपनीला फोन लावून बोलत राहिली, मागची रांग चुळबुळत राहिली. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली, अंगठा वर करून म्हणाली, “व्हेजिटेबल.”

लीलावतीबाईंनी तळवा पुढे केला. गोळी तोंडात टाकली, मंजिरीनं दिलेलं पाणी प्यायल्या, आणि मग दोन्ही हात उलटेसुलटे करून, बोटं फाकवून, मुलाला दाखवले.