तीन दिवसांच्या आत

विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात भेटीच्या वेळांच्या यादीत साडेदहाच्या पुढची ओळ रिकामी होती. आल्माआजीनं दोरीला बांधलेलं पेन उचललं आणि तिथं आपलं नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर दाबून. वरची-खालची सगळी नावं पोरासोरांची, घाईत खरडलेली. मग ती भिंतीलगतच्या बाकावर बसली आणि पिशवी मांडीवर घट्ट धरली.

शेजारी हिरव्या केसांची एक मुलगी परदेशातल्या सत्राचे कागद चाळत होती. तिनं यादीकडे पाहिलं, मग आजीकडे.

“आजी, तुम्ही पण इंग्रजीला? कितवं सेमिस्टर?”

“शेवटचं,” आल्माआजी म्हणाली. “तुझे केस धुतल्यावर जातो का गं हा रंग?”

“नाही जात.”

“वाईट झालं.”

मुलगी हसली. आल्माआजी हसली नाही. समोरच्या फलकावर विभागानं पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी काढलेला सूचनांचा कागद होता. हाच कागद दीड वर्षापूर्वी नातीनं, इन्सानं घरी आणून फ्रिजवर चिकटवला होता आणि मोठ्यानं वाचून दाखवला होता. परीक्षेची नोंदणी वेळेत करा. निबंधात दुसऱ्याचं वाक्य घेतलंत तर ते कोणाचं, ते लिहा. इंग्रजी बोलणाऱ्या देशात एक सत्र काढावंच लागेल. परीक्षेच्या दिवशी आजारी पडलात तर डॉक्टरांचा दाखला तीन दिवसांच्या आत पोचवा. आठवीत शाळा सुटलेल्या, पुढं चाळीस वर्षं कारखान्यात कोलंबी सोललेल्या आल्माआजीला तो कागद पाठ झाला होता. बेकरीत कोणी विचारो न विचारो, ती सांगायची, “आमची इन्सा मास्तरीण होणार. इंग्रजीची. सरकारी, कायमची.” सहा वर्षांची असल्यापासून पोरीला तिनं एकटीनं वाढवलं होतं, एवढं सांगायचा तिला हक्क होता.

दार उघडलं. सल्ला देणाऱ्या ओल्ब्रिश मॅडम यादीत नाव बघून थबकल्या.

“त्यार्क्सबाई? म्हणजे तुम्ही...”

“इन्सा त्यार्क्सची आजी.”

“बाई, ती सज्ञान आहे. तिच्याबद्दल मला तुमच्याशी एक शब्दही बोलता येत नाही. कायदा आहे तसा.”

“मग तुम्ही बोलू नका. ऐकायला तर कायदा आड येत नाही ना?” म्हणत आल्माआजी आत गेलीसुद्धा.

खुर्चीवर बसल्यावर मात्र तिला सुरुवात सापडेना. तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला.

“परीक्षा पंधरवड्यापूर्वी गुरुवारी होती,” ती म्हणाली. “पोरगी पहाटेपासून ओकत होती. डॉक्टरकडे गेली, दुपारी पाकीट घेऊन आली. मला म्हणाली, आजी, उद्या बाजाराला जाशील तेव्हा परीक्षा कार्यालयाच्या पेटीत टाक. पाकीट चिकटवलेलं नव्हतं. बसमध्ये मी वाचलं.”

ओल्ब्रिश मॅडमनी पेन खाली ठेवलं.

“परीक्षेच्या भीतीचे झटके, असं लिहिलं होतं. वारंवार येतात. उपचार घ्यावेत.” आल्माआजीनं हे शब्द खालच्या आवाजात म्हटले, दाराबाहेर ऐकू जाणार नाही अशा बेतानं. “आमच्या घरात असलं कोणाला काही नाही. आणि सरकारी नोकरीत कायम करण्याआधी सरकारी डॉक्टर तपासतो, हे काय मला ठाऊक नाही? आमच्या गल्लीतल्या एकीला असल्याच कागदापायी अडकवून ठेवलं, असं लोक म्हणतात. मी पेटीसमोर उभी राहिले. टाकलं नाही.”

“आणि तिला?”

“टाकलं म्हणून सांगितलं. म्हटलं, एक परीक्षा बुडाली तर बुडाली. ही दुसरी खेप, तिसऱ्या खेपेला देईल. पण डोक्याचं एकदा लागलेलं नाव पुसलं जात नाही.” ती थांबली. “सोमवारी पत्र आलं. ग्रंथालयाचा दंड आहे म्हणाली. मी तिच्या कोटाच्या खिशात हात घातला. ‘अंतिम अनुत्तीर्ण’ लिहिलंय त्यात. दुसऱ्या खेपेला अंतिम कसं होतं? चूक कोणाची, ते विचारायला आलेय.”

 ओल्ब्रिश मॅडमनी खणातून सूचनांचा तोच कागद काढला, उलटा केला आणि आजीसमोर सरकवला.

मागच्या बाजूलाही मजकूर होता. फ्रिजला चिकटलेली बाजू. आल्माआजीनं चष्मा लावला आणि ओठ हलवत वाचलं. परीक्षेला न येणं म्हणजे नापास होणं. सक्तीच्या परीक्षेत तीनदा नापास झाल्यास हा विषय देशातल्या कोणत्याही विद्यापीठात पुढे शिकता येत नाही.

“तीनदा,” ती म्हणाली. “पण ही तर...”

ओल्ब्रिश मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

उन्हाळ्यात इन्सा म्हणाली होती, परीक्षा पुढं ढकलली. बटाटे सोलता सोलता, मान खाली घालून. ढकलली नव्हती, ती दुसरी खेप होती. त्यावर आपण काय बोललो, तेही आल्माआजीला आठवलं. बरं झालं, पहिल्या खेपेसारखे दिवे लावू नकोस म्हणजे मिळवली, गल्लीभर सांगून बसलेय मी.

तिनं चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

“तो डॉक्टरचा कागद,” तिनं विचारलं, “इथं दिला असता तर सरकारी डॉक्टरकडे गेला असता?”

“नाही, बाई. इथली फाईल इथंच राहते.”

आल्माआजीनं मान हलवली, जणू कोणी भाव सांगितला आणि तो तिला पटला. मग पिशवीतून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. कोपरा जरासुद्धा दुमडलेला नव्हता.

“कोणा एकीचं म्हणून नाही, सर्वसाधारण सांगते,” ओल्ब्रिश मॅडम हळू म्हणाल्या. “पत्र मिळाल्यापासून महिन्याच्या आत हरकत घेता येते. दाखला त्याच दिवसाचा असेल आणि तो दुसऱ्या कोणी अडवला असेल, तर त्या माणसानं तसं लिहून द्यायचं. समिती मानेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण हरकत विद्यार्थिनीनंच घ्यायची असते. तिच्या सहीनं.”

“म्हणजे तिला कळणार.”

“हो.”

“सगळं.”

“मी टाइप करून देऊ का? तुम्ही फक्त सही करा.”

“हात आहेत मला,” आल्माआजी म्हणाली.

चार ओळी लिहायला तिला पाऊण तास लागला. बाहेर हिरव्या केसांची मुलगी आपली वेळ टळली म्हणून दोनदा दारात डोकावली. आजीनं लिहिलं: दाखला नातीनं माझ्याकडे दिला होता. तो पेटीत मी टाकला नाही. तिला मी टाकला म्हणून सांगितलं. माझी नात खोटं बोलत नाही.

शेवटच्या ओळीवर पेन थोडं थांबलं. तिनं ती खोडली नाही.

*

चार वाजता इन्सा घरी आली. सोमवारपासून ती रोज साडेसातला पाठीवर पिशवी टाकून निघायची आणि चारला परत यायची. बुटांना किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूचा थर होता.

“आज तास लांबला,” ती म्हणाली.

“बस,” आल्माआजी म्हणाली.

चहा गरम राहावा म्हणून किटली मेणबत्तीच्या छोट्या शेगडीवर होती. आजीनं कपात खडीसाखरेचा खडा टाकला, वरून चहा ओतला, खडा तडकला. कडेनं साय सोडली. या घरात तिसऱ्या कपाआधी कोणी उठत नसे. पुरे झालं असेल तर चमचा कपात उभा ठेवायचा, मग ओतणारी थांबायची. पण पहिल्याच कपाला चमचा ठेवलेला आल्माआजीनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

तिनं बशीशेजारी पाकीट ठेवलं. त्यावर घडी केलेला कागद.

इन्सानं आधी पाकीट ओळखलं. मग कागद उलगडला. चार ओळींना लागावा त्याहून कितीतरी जास्त वेळ ती वाचत राहिली.

“ओल्ब्रिश मॅडमकडे गेली होतीस?”

“यादीत नाव लिहून गेले.”

“आणि हे बसमध्ये उघडून वाचलंस.”

“वाचलं.”

“त्या गुरुवारपासून रोज माझ्यासमोर बसून चहा पितेयस तू.”

“तूही पितेयस की,” आल्माआजीच्या तोंडून निघून गेलं. निघाल्यावर तिनं ओठ मिटले.

इन्सानं उरलेला घोट संपवला. चमचा उचलून रिकाम्या कपात उभा ठेवला. दोन्ही कागद घेतले आणि जिना चढून गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर आल्माआजीला काहीतरी बोलता आलं असतं.

ती तिथंच बसून राहिली. बऱ्याच वेळानं उठून तिनं फ्रिजवरचा कागद सोडवला. मागची बाजू पिवळी पडली होती, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. तिनं तो उलटा करून परत चिकटवला.

वर खुर्ची सरकली. मग पायऱ्या वाजल्या.

इन्साचे डोळे सुजले होते. तिनं आजीचा कागद टेबलावर ठेवला, शेजारी पेन.

“तारीख घातली नाहीस,” ती म्हणाली. “तारखेशिवाय घेत नाहीत ते.”

आल्माआजीनं तारीख घातली. मान वर केली तेव्हा इन्सा समोरच्या खुर्चीवर बसली होती आणि कपातला चमचा काढून बशीत ठेवत होती.

शेगडीतली मेणबत्ती केव्हाच विझली होती. आल्माआजीनं किटली उचलली आणि गार चहा ओतला.