मुठीवरचं टोक

मिस्त्रीच्या गॅरेजमधून गेलेला गिअरबॉक्स परत येत नाही, अशी त्याची ख्याती होती. तिला अपवाद दोन, आणि दोन्ही एकाच गिऱ्हाइकाचे. गिऱ्हाईक म्हणजे दाजी, त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते दोन्ही बॉक्स मागच्या फळीवर न बोलावलेल्या पाहुण्यांसारखे खेटून बसलेले असत.

निवृत्त झाल्यावर दाजींनी पाचशे घोड्यांच्या ताकदीची गाडी घेतली होती. तिच्यातून ते ताईला घेऊन दवाखान्यात जात, बँकेत जात, आणि रस्ता मोकळा दिसला की साठाच्या वेगापर्यंत मजल मारत.

"घोडे पाचशे आहेत, मेहुणेबुवा," दाजी म्हणाले. "तुझ्या बॉक्सला ते पेलत नाहीत. या खेपेला निवड मी करणार." त्यांनी खिशातून कागद काढून बॉनेटवर उलगडला. शर्यतीच्या गाडीचा बॉक्स, सरळ दातांचा, दुप्पट भार सोसणारा.

"मजबूत आहे," मिस्त्री म्हणाला. "फक्त किंचाळतो फार. शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही."

दाजींचा चेहरा उजळला.

"अहो, मी इथेच उभी आहे," ताई म्हणाली. मग भावाकडे वळली. "हा तिसरा. हा परत आला तर गाडी विकायची, आणि कुठल्या गॅरेजात वाट लागली ते मी गोतावळ्यात सांगणार. बहीण आहे म्हणून गप्प बसणार नाही."

ही धमकी मिस्त्रीला परवडणारी नव्हती. गोतावळ्यातल्या अकरा गाड्या त्याच्याकडे येत, आणि ताईचं सांगणं म्हणजे घरोघर पोचलेलंच.

खरी गोष्ट त्याला दुसरा बॉक्स उघडला तेव्हाच कळली होती. ताकदीने बॉक्स गेला तर दात तुटतात. इथे दात सगळे शाबूत. झिजला होता तो तिसरा गिअर सरकवणारा पोलादी काटा, पार पात्यासारखा. गिअर टाकून झाला की हात उचलायचा असतो, नाहीतर हाताचा भार दांड्यातून त्या काट्यावर येतो आणि काटा फिरत्या कड्यावर घासत राहतो. दाजी हात उचलत नसत. तीस वर्षं त्यांच्या हाताखाली चाळीस माणसं होती. आता हाताखाली उरला होता तो गिअरचा दांडा.

हे दाजींना सांगायचं कोणी? मिस्त्रीने एकदा प्रयत्न केला होता.

"दाजी, तो हात जरा..."

"हाताला काय झालं?"

"धुऊन घ्या म्हटलं. चहा आणतो."

तर शेवटी तिरप्या दातांचा, सहा गिअरचा, मुका आणि दणकट बॉक्स ठरला. तो सुचवला मिस्त्रीने, पण अशा बेताने, की दाजींना तो आपल्याच कागदावरून उतरला असं वाटावं. बसवायला तीन दिवस गेले. इंजिन आणि बॉक्स एका रेषेत आहेत ना, हे त्याने मापाची तबकडी लावून चार वेळा पाहिलं. केसभर फरक निघाला तोही काढला. क्लच ताईच्या पायालाही झेपेल इतका हलका केला. दाजींनी प्रत्येक बोल्टवर देखरेख केली आणि त्यातला एकही ओळखला नाही.

चौथ्या दिवशी मिस्त्रीने लेथवर गिअरची मूठ कातली. चकचकीत पोलादी, बोटांना धरायला झकास, पण माथ्यावर बोथट टोक. गिअर टाकेपर्यंत काही नाही. तळवा टेकला, की टोचलंच.

"हे काय?"

"जोरकस गाड्यांना अशीच लागते, दाजी," मिस्त्रीने खाली बघत सांगितलं. "सगळ्यांना झेपत नाही."

दाजींनी ती लगेच बसवून घेतली.

पाच महिने झाले. बॉक्स लोण्यासारखा चालत होता. दाजी भेटेल त्याला ऐकवत, की गिअरबॉक्स निवडायला नजर लागते. मग एका दुपारी गाडी दारात उभी राहिली आणि ताई एकटीच आत आली. मिस्त्रीचा हात पान्यावरच थांबला.

"बॉक्स ठीक आहे," ती म्हणाली. "ती मूठ बदल. गोल, मऊ काहीतरी बसव."

"का?"

"त्यांचा हात आता मोकळा असतो. आरसा फिरवतात, माझी काच खाली-वर करतात, रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाकडे बोट दाखवून त्याचं काय चुकलं ते सांगतात. म्हणून मी हात धरून ठेवते. लोकांना वाटतं, या वयात काय प्रेम. माझी बोटं आखडलीत रे."

मिस्त्री मागे गेला, फळीवरून तो झिजलेला काटा आणला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

"हे पोलाद आहे, ताई. त्या हाताने दीड वर्षात एवढं केलं."

ताईने काट्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "म्हणजे तुला माहीत होतं."

"हो."

"आणि मी तुझ्या नावाने खडे फोडत होते. सांगितलं का नाहीस?"

"दाजींना?"

तिने गाडीकडे पाहिलं. दाजी आत बसून समोरच्या सायकलवाल्याला हातवारे करून काहीतरी समजावत होते.

"बॉक्स किती टिकेल आता?"

"हात लांब राहिला तर वीस वर्षं."

"वीस," ताई म्हणाली. काटा पर्समध्ये टाकून ती निघाली. मूठ बदलायचं पुन्हा बोलली नाही.

दाजींनी काच खाली केली. "बघितलंस, मेहुणेबुवा? निवड कोणाची?"

"तुमचीच, दाजी."

गाडी हलली. मिस्त्री दारात उभा राहून कान देत होता. पहिला पडला, दुसरा पडला. तिसरा पडला तसा दाजींचा हात उठून आरशाकडे निघाला, आणि मागच्या काचेतून त्याला दिसलं, की ताईने तो वाटेतच धरला.