पोळ्याचा रंग

गणेशने वडिलांना एका कुशीवर वळवलं, ओली चादर ओढून काढली आणि तसाच वाकलेला असताना म्हणाला, "हाव. लाव."

दारात मोबाइल घेऊन उभ्या असलेल्या गोपालला आधी तो होकार कळलाच नाही. दहावीची परीक्षा संपल्यापासून पोराने केस निळे करायचा घोशा लावला होता. निळे म्हणजे साधेसुधे नव्हे, मोरपंखी. रोज बापाला नवा फोटो दाखवायचा आणि रोज तेच ऐकायचा, "पिंपळगावात राह्यतो आपन, सर्कशीत नाई."

घरात त्याच्या बाजूने एकटे आजोबा. दवाखान्यात नेण्याआधी, बाजेवर उठून बसता येत होतं तेव्हा, पंजाबराव म्हणाले होते, "पोळ्याले बैलाच्या शिंगाले रंग चालते, मंग पोराच्या डोक्याले काऊन नाई?"

"बैलाले कॉलेजात नाई घालाचं," गणेशने उत्तर दिलं होतं. सगळे हसले होते. घरात कोणी हसल्याला आता बरेच दिवस झाले होते.

"खरंच लावू, बाबा?"

"लाव म्हनलं ना. आजच जाय."

गोपाल अनवाणीच पळाला, मग चपलेसाठी परत आला. रंगाची डबी त्याने केव्हाच आणून कपाटात दडवली होती. ती घेऊन तो सलूनकडे सुटला.

जयमाला सासऱ्यांसाठी भाताची पेज गाळत होती. नवरा चादर घेऊन मोरीत आला तशी तिने विचारलं, "कालपर्यंत तं नाईच म्हनत होते तुमी. आज काय झालं?"

गणेशने चादरीवर पाणी ओतलं.

"डॉक्टरनं घरी न्या म्हनलं, ते कायले म्हनलं? घरात असं झालं का केस काढाच लागतात. मले बी, त्याले बी." तो चादर चोळू लागला. "तवरोक करू दे त्याले हौस."

जयमालाच्या हातातली गाळणी तशीच राहिली. गणेशला स्वतःची लाज वाटली. बाप अजून श्वास घेत होता आणि लेकाने मनातल्या मनात न्हाव्याला बोलावूनही ठेवलं होतं. पण थकलेल्या माणसाला लाजही फार वेळ झेपत नाही. त्याने चादर पिळली आणि अंगणातल्या दोरीवर टाकली.

चादर वाळली, गणेशने ती घरात आणली, तरी गोपालचा पत्ता नव्हता. तो आला तेव्हा त्याचे केस काळेच होते. डबी हातात, न फोडलेली.

"काऊन बे? दुकान बंद होतं का?"

"नाई." गोपाल उंबऱ्यातच थांबला. "दुकानवाला म्हने, कायले रंग वाया घालतो? तुह्या आबाचं असं हाय, आठ-पंधरा दिसात सारे काढाच लागतीन." मग त्याने बापाकडे पाहिलं. "तुमाले मालूम होतं ना, बाबा?"

गणेश चादरीची घडी घालत राहिला. घडी काही नीट बसेना.

गोपाल बाजेशी जाऊन खाली बसला. आजोबांचा हात उचलून त्याने आपल्या डोक्यावर ठेवला. पंजाबरावांची बोटं केसांतून हळूहळू फिरली.

"झाला का बे रंग?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

"पोळ्याले लावतो, आबा. बैलाच्या संगंच. तुमी पाहाले पाह्यजे."

डबी त्याने आजोबांच्या उशाशी, औषधांच्या बाटल्यांना लागून ठेवली आणि मान वळवली.

"चालंन ना, बाबा?"

बाहेर अजून चैत्राचं ऊन होतं. पोळा यायचा म्हणजे अख्खा उन्हाळा जायचा होता, पेरण्या व्हायच्या होत्या, श्रावण सरायचा होता. गणेशने तोंड उघडलं. सकाळी एका दमात निघालेला 'हाव' आता काही केल्या निघत नव्हता.