एका तासाचे आकाश

पोटाखाली चिकटवलेला एक क्रमांक. नखाने खरवडला तरी निघत नाही.

पिवळी सतरंजी. चार कोपऱ्यांवर पाण्याच्या चार बाटल्या.

चुन्यात बुडवलेले दगड.

"जावईबापू, तोंड मिटा. वाळू जाईल."

जाळीच्या कपाटात पाच मुके ड्रोन.

पाच वाजायला दोन मिनिटे.

मित्रांनो, हे सगळे तुकडे माझ्या एकाच दिवसाचे आहेत. मला आठवते ते असेच, सुट्या सुट्या चित्रांत. आता ती चित्रे ओळीने लावून सांगतो. मी कॅमेरा वाहणारा एक जुना ड्रोन आहे. चार हात, चार पंखे आणि नाकाखाली एकच डोळा. वजन म्हणाल तर दोन मोठ्या पेरूंएवढे.

माझा जन्म एका लांबलचक दालनात झाला. तिथे टोपी घातलेल्या एका बाईने माझ्या डोळ्याची काच पुसली आणि मला पहिल्यांदा उडवून पाहिले. वर छताला जाळी होती. मला वाटले, आकाश म्हणजे जाळीच. खोक्यात बंद होईपर्यंत माझी तीच समजूत होती.

मला विकत घेतले ते ताईने. ताई जमिनीची मोजणी करते. दोन शेजारी बांधावरून हमरीतुमरीवर आले की तिला बोलावणे यायचे, आणि ती मला वर पाठवायची. मी वरून पाहिलेले कुणाला खोडता येत नसे. "याला ना भावकी, ना लाच," असे एक म्हातारा माझ्याबद्दल म्हणाला होता. ते शब्द मी बरेच दिवस मिरवले.

पुढे ताईच्या कचेरीत सहा पंख्यांचा नवा ड्रोन आला आणि मी कपाटात गेलो. माझ्या शेजारी एक जुना ओळंबा होता. त्याला लोंबकळायची सवय, मला उडायची. दोघेही आडवे पडलो होतो. दोन वर्षे कुणी आमच्याकडे ढुंकून पाहिले नाही.

मग एके दिवशी कपाट उघडले. त्याला कारण ताईचे वडील.

ते मालट्रक चालवायचे. त्यांच्या धंद्यातली माणसे त्यांना उस्ताद म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. वाळवंटातून जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर त्यांनी एकतीस वर्षे काढली. नंतर नवा सरळ रस्ता झाला आणि जुना वाळूने गिळला. त्या जुन्या रस्त्यावर एक अवघड वळण होते. वादळानंतर रस्ता कुठे संपतो आणि खड्डा कुठे सुरू होतो ते कळत नसे. म्हणून तिथून जाणाऱ्या ट्रकवाल्यांनी चुन्यात बुडवलेले मोठे दगड एका ओळीत पुरले, असे उस्ताद सांगत. घरात सगळे माना डोलवत. ताईचा नवरा दातांचा डॉक्टर, तो तर हसून म्हणायचा, "बाबांचे दगड दर वर्षी दोन-दोन वाढतात. माझ्या पेशंटना अशी दाढ फुटायला हवी."

त्या हिवाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी उस्तादांना तपासले. डोळ्याचा पडदा मधोमध सुकत चालला होता. कडेचे दिसत राहील, पण मधले, समोरचे, उन्हाळ्यापर्यंत जाईल. गाडी चालवणे त्याच दिवशी बंद झाले. उस्ताद घरी आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "मग ते वळण एकदा बघून घेतो."

तिथवर गाडी जात नव्हती. वाळूत पाऊण किलोमीटर चालायला गुडघे तयार नव्हते. राहिलो मी.

पण मित्रांनो, बटण दाबले आणि उडालो, असे नसते. त्या भागाजवळ पहाऱ्यातली एक जागा होती; तिच्या आसपास परवानगीशिवाय उडायला बंदी. दातांचा डॉक्टर म्हणाला, "अगं, वाळवंटात कोण बघतंय? उंट?" ताईने अर्ज केला. तो परत आला, तिने दुरुस्त करून पुन्हा धाडला. तीन महिन्यांनी कागद आला. त्यावर एक तारीख होती, दुपारी चार ते पाच अशी वेळ होती आणि नकाशावर पाचशे मीटर त्रिज्येचे एक वर्तुळ होते. उंची एकशे वीस मीटरपर्यंत. आणि एका माणसाने सारा वेळ नुसत्या डोळ्यांनी माझ्यावर नजर ठेवायची. हे काम डॉक्टरकडे आले.

दोन दिवसांच्या प्रवासानंतर आम्ही वाळवंटातल्या पहाऱ्याच्या चौकीवर पोहोचलो. चौकीतल्या हवालदाराने मला उलटे केले आणि पोटाखालचा क्रमांक कागदाशी जुळवून पाहिला. एकदा. मग चष्मा लावून पुन्हा एकदा. तेवढ्यात मला ते जाळीचे कपाट दिसले. आत माझे पाच भाऊबंद पडले होते. एकाच्या पायाला दोरीने चिठ्ठी बांधली होती. विचारल्याशिवाय उडाले, म्हणून पकडले गेलेले. धन्यांचा गुन्हा आणि कोठडी त्यांना. माझे पंखे बंद होते म्हणून बरे, नाहीतर तिथेच थरथरले असते.

"कागद बरोबर आहे," हवालदार म्हणाला. "पण मी सोबत येणार. पाच म्हणजे पाच, मॅडम. आणि वर्तुळ ओलांडलंत तर हा इथंच राहील, आणि तुमच्या मोजणीच्या परवान्याबद्दलही पत्र जाईल."

"चालेल," ताई म्हणाली. "घड्याळ लावून घेऊ दोघं."

उतरण्याच्या जागी ताईने पिवळी सतरंजी अंथरली. वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर बाटल्या ठेवल्या. चारला तीन मिनिटांनी मी वर गेलो.

दोन वर्षांनी आकाश! जाळी नव्हती, छत नव्हते. खाली वाळू, तिच्यावर वाऱ्याने काढलेल्या रेघा, आणि एका बाजूला जुन्या रस्त्याचा काळा पट्टा अर्धा गाडलेला. मी वर्तुळाच्या कडेपर्यंत गेलो. पहाऱ्यातल्या जागेच्या बाजूला असल्याने वळण वर्तुळाबाहेर, तिथून आणखी दोनेकशे मीटर पुढे राहिले होते. खाली उस्ताद उन्हाची तिरीप नको म्हणून डोक्यावर जाड चादर ओढून, मला दिसते ते दाखवणाऱ्या पडद्यासमोर बसले होते. मधले नीट दिसत नव्हते म्हणून मान तिरकी करून, कडेने बघत होते.

वळण दिसले. दगड दिसले नाहीत. सगळी वाळू एकाच रंगाची, सपाट, तव्यासारखी.

आकाशाकडे पाहतच डॉक्टर म्हणाला, "अजून जरा पुढं ने ना. दोनशे मीटरचा तर प्रश्न आहे. दोन मिनिटं."

"रोज लोकांनी सरकवलेले हद्दीचे खुंटे मी उपटते," ताई म्हणाली, "आणि आज माझाच खुंटा सरकवू?"

चादरीतून आवाज आला. "चढावर ओव्हरटेक करणारा असंच म्हणतो, जावईबापू. दोनच मिनिटं. आणि तोंड मिटा. वाळू जाईल." मग उस्ताद म्हणाले, "खाली घे त्याला, पोरी. अजून वेळ झाली नाही. आम्ही तरी ते दगड दुपारी कुठं बघायचो? पांढरा रंग उन्हात मरतो. उन्ह उतरलं की सावल्या पडतात, त्या बघून गाडी वळवायचो."

ताईने मला उतरवले. तापलेली बॅटरी काढून सावलीत ठेवली आणि दुसरी बसवली. आता एकच उड्डाण उरले होते. वाट पाहण्याच्या त्या अर्ध्या तासात हवालदार तीनदा घड्याळाकडे बघून म्हणाला, "मॅडम, वेळ चाललीय." उस्ताद मात्र गाडीवर नाराज होते. तिचे तोंड वाळूकडे होते. "ट्रकवाला गाडी उभी करतो ती निघायच्या तोंडानं," ते पुटपुटत राहिले.

पावणेपाच वाजता मी पुन्हा वर्तुळाच्या कडेला जाऊन थांबलो. एक पाऊलही पुढे नाही.

आणि मित्रांनो, खाली वळणावर कुणीतरी शाईने रेघा ओढल्यासारखे झाले होते! बारीक, लांब, एकामागून एक सावल्या. प्रत्येक सावलीच्या मुळाशी एक दगड.

"आहेत का?" डॉक्टरने विचारले. नियम असा की त्याने मान खाली करायची नाही, आणि त्याने ती केली नाही.

"आहेत," ताई म्हणाली.

"आठ मोज," उस्ताद म्हणाले. "आठव्याच्या पुढं दगड नसेल. नववा कमी पडला, म्हणून आम्ही फाटका टायर उभा पुरला होता. अर्धा वर राहिलेला."

ताईने मोजले. आठव्याच्या पुढे वाळूवर एक कमानीची सावली पडली होती.

उस्तादांनी मान तिरकी केली, आणखी तिरकी केली, आणि बराच वेळ तशीच ठेवली. मग चादर काढली. "बास. बघितलं." ते उठले.

यानंतर जे झाले ते नियम मोडल्याने झाले नाही. ताईचे डोळे पडद्यावर होते, कारण ती फोटो काढत होती. डॉक्टरचे डोळे आकाशात होते, कारण कागदावर तसे लिहिले होते. हवालदाराचे डोळे घड्याळात. उस्तादांकडे कुणीच बघत नव्हते. काम झाले, आता निघायचे, एवढेच त्यांच्या हातापायांना ठाऊक होते. ते गाडीत बसले, चावी फिरवली आणि एकतीस वर्षांच्या सवयीने गाडी सुरेख वळवून तिचे तोंड रस्त्याकडे केले.

गाडी बरोबर पिवळ्या सतरंजीवर उभी राहिली. एक बाटली फटकन फुटली.

मी तेव्हा आपणहून परतत होतो. माझ्या डोक्यात घर म्हणजे दोन आकडे, जिथून उडालो त्या जागेचे अक्षांश आणि रेखांश. त्या आकड्यांच्या जागी काय उभे आहे ते मला कळत नाही. वारा सुटला होता आणि बॅटरी अकरा टक्के उरली होती. मी थेट गाडीच्या टपावर उतरू लागलो.

"बाबा, गाडी काढा!"

चाके जागीच फिरली. वाळू उडाली, गाडी हलेना. उस्ताद गडबडीत दार उघडून बाहेर यायला निघाले, बरोबर माझ्या पंख्यांखाली.

"बाहेर नका येऊ! आतच बसा!" ताईने माझे परतणे तोडले आणि माझा ताबा आपल्या हाती घेतला. मी टपापासून हातभर अंतरावरून बाजूला सरकलो. वाऱ्याने मला पुन्हा गाडीकडे ढकलले, तिने पुन्हा ओढले. पुढे कडक मुरमाचा एक तुकडा होता. तिथे मी टेकलो. उजव्या बाजूचा एक पंखा खड्याला घासला आणि त्याला चीर गेली. मग चारही पंखे थांबले.

"पाच वाजायला दोन मिनिटं," हवालदार म्हणाला. त्याने आपल्या वहीत लिहिले, "उतरला. वेळेत."

डॉक्टरने अखेर मान खाली केली आणि ती चोळत वाळूत फतकल मारली. ताई तरातरा गाडीकडे गेली. "बाबा, चावी द्या."

"देतो," उस्ताद ओशाळून म्हणाले. "पण तोंड बघ किती सरळ लावलंय."

ताईला रागवायचे होते. तिला आधी हसू आले, मग रडू आले, मग पुन्हा हसू. टायरमधली थोडी हवा सोडून, उस्तादांच्या सांगण्याप्रमाणे गाडी बाहेर काढली गेली. परत जाताना चौकीसमोर आम्ही थांबलो, पण त्या कपाटाचे दार माझ्यासाठी उघडले नाही. हवालदाराने माझा क्रमांक शेवटचा एकदा पाहिला आणि मला दोन्ही हातांनी परत दिले. माझा जीव भांड्यात पडला.

आता मी फारसा उडत नाही. पण ताईने रंगाच्या बारीक ब्रशने माझी वाळू झाडली आणि मला उस्तादांच्या खोलीत ठेवले. उन्हाळा येऊन गेला. डॉक्टर घरी आला की स्वतःच सगळ्यांना दगडांची गोष्ट सांगतो, आणि एकही दगड वाढवत नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला वर पाठवण्याआधी विचारा, नकाशा बघा, बॅटरी बघा, उतरायची जागा मोकळी आहे ना ते बघा. परवानगी मागायला वेळ लागतो, पण ती खिशात असली की हात कापत नाहीत. आणि आम्ही जुने झालो तर कपाटात कोंबू नका. अधूनमधून पुसा.

अर्जात 'उड्डाणाचे कारण' असा एक रकाना होता. ताईने त्यात तीन शब्द लिहिले होते: वडिलांना रस्ता दाखवणे.